आमचे प्लेन-स्पोकन मामा

आमच्या सासऱ्यांइतकं खरं बोलणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आजवर झाला नाही, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना विचारलंत तर ते सांगतील की पुन्हा होऊही नये. मी त्यांना मामा म्हणत असे. जावयानं सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडं रीतच आहे, पण त्यांना हाक मारताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. कारण हाक मारली की ते आपल्याकडं बघणार, आणि बघितलं की जे दिसलं ते सांगणार. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी नवा कोट घालून 'काय मामा, कसं काय?' म्हणत त्यांच्या दारात उभा राहिलो, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पाव्हणं, प्वाट सुटलंय." पुढच्या दिवाळीपर्यंत मी भात कमी केला, सांगलीत ऑफिसला सायकलवरनं जायला लागलो आणि बऱ्यापैकी वाळून त्याच दारात उभा राहिलो. मामांनी पुन्हा न्याहाळलं. "आता गाल बसल्यात," ते म्हणाले, "प्वाट बरं हुतं." बायकोनं, म्हणजे शालननं, आतून हसण्याचा आवाज काढला, आणि मी पायताण काढून गुमान आत गेलो.

कराडच्या अलीकडं कृष्णाकाठी त्यांचं गाव. उसाची जमीन, दोन म्हशी, एक बैलजोडी आणि मिलिट्रीची पेन्शन. त्या गावातून घरटी एक माणूस फौजेत गेलेला, आणि लढाईवरनं परत येताना प्रत्येकानं काहीतरी आणलेलं. कुणी बिल्ले आणले, कुणी घड्याळ आणलं, एकानं मांडीत लोखंडाचा तुकडा आणला आणि थंडीत तो गावाला दाखवत बसायचा. मामांनी एक इंग्रजी शब्द आणला. तो शब्द म्हणजे 'प्लेन-स्पोकन'. त्यांच्या पलटणीचा गोरा मेजर त्यांना एकदा तसं म्हणाला होता, आणि मेजरसाहेब एकदा बोलला म्हणजे ती सरकारी नोंद, अशी मामांची समजूत होती. लोक नावापुढं बी.ए. लावतात तसं ते हा शब्द लावायचे. नवीन माणसाशी ओळख करून देताना नाव, गाव, पलटण सांगून झाली की किंचित थांबायचे आणि म्हणायचे, "आन् प्लेन-स्पोकन."

हा शब्द मिळाला कसा, ते मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मीच त्या वाळवंटात होतो असं वाटतं. मिसरकडं, म्हणजे इजिप्तात, कुठंतरी पलटणीचा तळ पडायचा होता. मेजरसाहेबानं स्वतः जागा निवडली, तंबू ठोकून घेतले आणि सगळ्यांना विचारलं, जागा कशी आहे? सगळ्यांनी सांगितलं, फर्स्ट क्लास साहेब. मामांची पाळी आली. मामा म्हणाले, "साहेब, ही ओढ्याची जागा हाय. पाऊस आला तर आपण समदे व्हावून जाणार, आन् पयलं तुमी, कारन तुमचा तंबू खालच्या अंगाला हाय." साहेब लालबुंद झाला. मग त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, मामांकडं बोट करून तो शब्द उच्चारला आणि तंबू हलवायचा हुकूम दिला. भर उन्हात अख्ख्या पलटणीनं मेखा उपसल्या आणि मामांना मिळतील तेवढ्या शिव्या घातल्या.

"मग आला का पाऊस?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"थेंब न्हाई. आमी तितं हुतो तवर ढगसुदीक आला न्हाई."

"मग?"

"मग काय? पावसाचा काय संबंध? जागा ओढ्याची हुती." 

या शब्दाच्या अर्थाबद्दल मामा भयंकर काटेकोर होते. मी पाटबंधारे खात्यात कारकून, इंग्रजी कामापुरतं. एकदा सांगलीच्या बाजारपेठेतून एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश घेऊन मी गावी गेलो आणि मोठ्या हौसेनं त्यांना वाचून दाखवलं, 'स्पष्टवक्ता, सडेतोड बोलणारा.' मामांनी कोश हातात घेतला, त्याचं वजन बघितलं आणि परत दिला. "चुकलंय," म्हणाले. "स्पष्टवक्ता स्टेजवर असतो. भाशान ठोकतो, हार घालून घेतो, खाली उतरला की च्या पितो. त्येला परत कोन इचारत न्हाई." मग सडेतोड? "त्यात तोड हाय. मी कवा कुनाचं तोडलंय?" या बाबतीत तिथं बसलेल्या चार माणसांची मतं वेगळी होती, पण कुणी तोंड उघडलं नाही. मी म्हणालो, फटकळ म्हणू या का? त्यावर मात्र त्यांनी थोडा विचार केला. "न्हाई. फटकळाला बोलल्यावर बरं वाटतं. मला वाटत न्हाई." मराठीत याला शब्दच नाही, असा निकाल देऊन ते उठले. मधल्या आडव्या रेघेचाही त्यांना फार अभिमान होता. निस्ता प्लेन म्हंजी सपाट, निस्ता स्पोकन म्हंजी बोललेला, मधली रेघ म्हंजी जू, ते मानेवर पडलं की दोघं मिळून नांगर ओढत्यात, असं त्यांनी मला बांधावर उभं राहून समजावलं होतं.

शब्द वापरायचे नियमही त्यांनी ठरवलेले होते. बोलायचं ते तोंडावर. माघारी बोललं की ती चहाडी. बोलायचं ते विचारल्यावर; न विचारता बोलला तो आगाऊ. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक. खोटं एकदाही चालायचं नाही. एकदा खोटं बोलला की शब्द काढून घ्यायचा, मिलिट्रीत दंडावरची फीत काढतात तसा. दुसऱ्या नियमामुळं ते फारसं बोलत नसतील असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडं माणूस रस्त्यात भेटला की 'काय, कसं काय?' म्हणतो, आणि हा प्रश्न आहे हे फक्त मामांच्या लक्षात आलेलं होतं. गावात त्यांच्याखेरीज हा शब्द कुणालाच लागू नव्हता. न्हाव्याचा त्यांनी काही दिवस विचार केला, पण तो दाढी करताना गिऱ्हाइकाची तारीफ करतो असं आढळल्यावर त्याला बाद केलं. शेवटी थोरल्या म्हशीला त्यांनी तो मान दिला. आवडलं नाही की ती समोरासमोर लाथ घालायची आणि मागं काही ठेवायची नाही.

लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून फिरतो आणि 'कसं झालंय जेवण?' विचारतो. जेवणाऱ्यानं तोंडातला घास सांभाळत 'झकास' म्हणायचं आणि यजमानानं पुढं सरकायचं, इतका सरळ तो मामला असतो. मेढ्याला शालनच्या चुलतबहिणीच्या लग्नात यजमान आमच्यासमोर आले आणि मी झकास म्हणून मोकळा झालो. मामा म्हणाले, "आमटी खारट हाय. भात खाली लागलाय, पर तुमी वरचा वाढताय त्ये बरं करताय. बुंदी लय ब्येस." यजमान जागच्या जागी थिजले. पण गंमत अशी की त्यानंतर त्या माणसानं पंगतीतल्या बाकी कुणाला काही विचारलंच नाही. तो थेट आचाऱ्याकडं गेला आणि दुसऱ्या पंगतीची आमटी सुधारली. आम्ही निघालो तेव्हा त्यानं मामांना बांधून दिली ती नुसती बुंदी. मामांना त्याचं काही वाटलं नाही.

कवठे महांकाळकडच्या एका गृहस्थांना त्यांनी बैल विकला तेव्हाचीही गोष्ट अशीच. बैल विकणारा काय बोलतो ते साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. त्याच्या बोलण्यात बैल म्हणजे देवाघरचा असतो. मामांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "ह्यो डावीकडं वढतो. उन्हाळ्यात दुपारचा बसतो, आन् बसला की बापाचं ऐकत न्हाई." ते गृहस्थ पिढ्यान् पिढ्या जनावरं राखणाऱ्या घरातले, मोठे हुशार. त्यांनी मनाशी ताडलं, की मालकाला बैल सोडवत नाही म्हणून हा नावं ठेवतोय, तेव्हा बैल लाखात एक असणार. घेऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यानंतर ते तावातावानं मामांच्या ओसरीवर हजर. "आवं, त्यो बसतो की!" मामा म्हणाले, "सांगितलं हुतं." "मला वाटलं, तुमी चेष्टा करताय." "मी कवा केलीय?" गृहस्थ चहा प्याले आणि तिथून पुढं आपल्या घरातलं प्रत्येक जनावर घेताना मामांना बरोबर न्यायला लागले.

मी स्वतः या शब्दाच्या तडाख्यातूनच त्या घरात शिरलो. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, मुलीला काय काय येतं? असल्या वेळी मुलीच्या बापानं विणकाम, भरतकाम, भजनं वगैरे सांगायचं असतं. मामा म्हणाले, "भाकरी जमती. चपाती आईवानी जमत न्हाई. राग लवकर येतो आन् उतराय दोन दिस लागत्यात. पर एकदा उतरला की मागलं काढत न्हाई." आत कप फुटल्याचा आवाज आला. मग त्यांनी माझ्याकडं मोर्चा वळवला आणि वडिलांना म्हणाले, "पोराची नोकरी बरी हाय. छाती बारीक हाय. चालंल." परत येताना एस.टी.त वडील एकदम म्हणाले, "हीच मुलगी करायची. इथं नंतर काही निघणार नाही." आणि खरोखरच इतक्या वर्षांत काही निघालं नाही. जे होतं ते त्या दिवशीच सांगून झालेलं होतं.

अशा माणसाबरोबर संसार कसा होत असेल, हा प्रश्न मला आमच्या मामींकडं बघितल्यावर पडायचा. मामी ठेंगण्याठुसक्या, हसऱ्या, कामाला वाघ. मामा रोज जेवायला बसले की पहिल्या भुरक्याला म्हणायचे, "आमटी पातळ झालीय." मामी म्हणायच्या, "व्हय." आणि दुसऱ्या दिवशी तशीच पातळ करायच्या. मी एकदा मामींना विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "म्हनू द्यात की. ताट कवा रिकामं केल्याबिगर उठल्यात का?" नवऱ्यानं कधी आपलं कौतुक केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि ती त्यांची तक्रारही नव्हती. आमच्या भागात नवरे बायकांचं कौतुक करत नसतातच. मामा निदान आमटीकडं लक्ष तरी देत होते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मामींच्या पोटात दुखायला लागलं. गाठ निघाली. मिरजेच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते पार पडलं, पण तिसऱ्या दिवसापासून ताप चढला तो उतरेना. मिरजेच्या दवाखान्यात पेशंट असला की आमच्याकडं अर्धा गाव बघायला येतो. टेंपो करून येतात, खाटेभोवती कोंडाळं करतात आणि प्रत्येक जण तेच बोलतो: "काय न्हाई हो, पार तरतरी आलीया. चार दिसात रानात भांगलाय जाशीला." बोलणाऱ्यालाही ते खोटं आहे हे ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही. तरी ते बोलायचं असतं, बरोबर नेलेल्या मोसंब्यांसारखंच ते द्यायचं असतं. एवढी सोपी रीत, पण मामांना ती जमत नव्हती. काही वर्षांपूर्वी शेजारच्या घरातल्या एकाचा पाय मोडला म्हणून ते याच मिरजेला बघायला आले होते, आणि त्या माणसानं 'काय वाटतं, दादा?' असं विचारल्यावर म्हणाले होते, "ह्यो पाय आता नांगरामागं चालायचा न्हाई." त्या माणसाच्या बायकोनं तिथंच हंबरडा फोडला. तो माणूस पुढं निव्वळ मामांवरच्या रागापोटी नांगरामागं चालला, हा भाग वेगळा.

त्यामुळं शालननं पहिल्या दिवसापासून एकच धोरण ठेवलं होतं, की मामांना दवाखान्यात येऊ द्यायचं नाही. म्हशींकडं कोण बघणार, उसाला पाणी कोण पाजणार, असं काहीबाही सांगून त्यांना गावातच अडकवलं होतं. पण ताप चढल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आम्ही करायचं ते केलंय, उतरला तर ठीक, फार आशा धरू नका. आणि त्याच दुपारी मामी शालनला म्हणाल्या, "तुज्या बापाला बोलाव. तुमी समदी गोड बोलताय. मला खरं काय त्ये कळू द्या." मामींनी आशा सोडली तर ताप कशाला उतरेल, ही शालनची भीती होती, आणि खरं सांगायचं तर तिथल्या नर्सबाईंचीही होती.

मामा सकाळच्या गाडीनं आले, स्वच्छ धोतर, फेटा, हातात दुधाचा लोटा. शालननं त्यांना फाटकातच गाठलं. "आबा, आई इचारंल. तुमी खोटं बोला." ती रडायला लागली तेव्हा त्यांनी लोटा तिच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, जरा च्या घिऊ."

फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही बसलो आणि मी माझ्या सासऱ्यांना खोटं बोलायला शिकवायला लागलो. मी म्हणालो, आधी सोपं काहीतरी बोलून बघा. मामांनी चहाचा घोट घेतला, घसा साफ केला आणि कोर्टात जबानी द्यावी तसे चहावाल्याला म्हणाले, "च्या लय ब्येस झालाय." चहावाल्यानं त्यांच्या हातातला कप काढून घेतला, त्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "का? काय पडलंय?" मग मी सोप्यातनं सोपं काढलं. म्हणालो, "मामींना म्हणा, चेहऱ्यावर तेज आलंय." मामा म्हणाले, "कसलं तेज? तापानं लाल झाली असंल." "बरं, मग लाली आलीय म्हणा." त्यांचा चेहरा खुलला. "त्ये खरं हाय. त्ये चालंल." असं करत करत खरी पण अंगाला न लागणारी दोन-तीन वाक्यं आम्ही जमवली. मग मामांनी विचारलं, "आन् मी उठतीय का म्हनली, तर?" मी चहाचे पैसे द्यायला उठलो. त्यांनी फेटा नीट केला, चहावाल्याला "च्या कडू हुता" असं सांगून त्याच्या जिवात जीव आणला आणि ते रस्ता ओलांडून निघाले.

मामींची खाट भिंतीकडेला होती. मामा जाऊन त्यांच्या उशाशी उभे राहिले. मी त्यांच्या मागं, हातात थर्मास. मला त्यांचा फेटा आणि मामींचा अर्धा चेहरा तेवढा दिसत होता. शालन पायथ्याशी उभी होती आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. मामींनी लाली-बिली काही बोलायला सवडच दिली नाही. "आवं," त्या म्हणाल्या, "तुमी सांगा. मी हितनं उठतीय का?"

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं डबा उघडायचा थांबवला. मग मामा म्हणाले, "उठतीस. डाक्टर म्हनलं, आठ दिसात घरी."

"खरं?"

"मी कवा खोटं बोललोय?"

शालननं डोळे उघडले. काम झालं होतं. आता त्यांनी बाहेर यायचं एवढंच उरलं होतं. पण मामा हलेनात. थोड्या वेळानं ते परत बोलायला लागले, त्याच सुरात, पंगतीत आमटीबद्दल बोलावं तसे. "थोरली म्हस धार काढू दीना झालीया. कोन आलं म्हनून दाराकडं बघत ऱ्हाती. घरात जेवान हुतंय, पर जेवल्यागत वाटत न्हाई. तुजी आमटी पातळ असती. पातळच हाय ती. पर दुसरी गिळवत न्हाई." "मी लढाईवरनं आलो तवा समदा गाव म्हनला, काय रुबाब, काय मिशा. तू म्हनलीस, वाळलाय, बसा जेवाय. तवापसनं मला काय कमी पडलं न्हाई. त्ये सांगायचं ऱ्हायलं हुतं. कुनी इचारलंच न्हाई म्हनून ऱ्हायलं." एवढं बोलून त्यांनी खाटेवरची चादर विनाकारण ओढून सरळ केली आणि ते वळले.

बाहेर बाकावर बसून त्यांनी फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. मी त्यांना बिनफेट्याचं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. डोकं लहान मुलासारखं होतं. "पाव्हणं," ते म्हणाले, "शबुद ग्येला."

मी म्हणालो, "मामा, असलं खोटं कोण मोजतं? मेजरसाहेबानं काही अट घातली नव्हती."

"त्येनं न्हवती घातली. मी घातली हुती." मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी माया आली की मी थर्मासचं झाकण उगाचच उघडलं आणि बंद केलं.

मामींचा ताप उतरला. आठ दिवसांत काही त्या घरी गेल्या नाहीत, चांगल्या दीड महिन्यानं गेल्या, पण गेल्या आणि भांगलायलाही लागल्या. इकडं मामांनी आपला निकाल स्वतःवर बजावला तो कायमचा. ओळख करून देताना नाव, गाव, पलटण झाली की गप्प बसायला लागले. पंगतीत यजमान समोर आला की म्हणायचे, "चांगलं झालंय." त्यानं हलकल्लोळ उडाला. यजमान रात्रभर तळमळायचे, की यांना नक्की काय खटकलं असेल. गावच्या सरपंचांनी भाषण केलं, मामा "बरं झालं" म्हणाले, आणि सरपंचांनी तो अपमान समजून दोन महिने अबोला धरला. बैल बघायला, स्थळ बघायला, विहिरीची जागा बघायला लोक आधीसारखे बोलवायला येत, "दादा, खरं काय त्ये सांगा" म्हणून विनवत. मामा नम्रपणे सांगायचे, "मी आता तसला मानूस ऱ्हायलो न्हाई." मला विचाराल तर गावाचं त्यात नुकसानच झालं. घरात मात्र त्यांचं वागणं बदललं. संध्याकाळी मामींच्या शेजारी ओसरीवर येऊन बसायला लागले. मामी दमल्या की पाण्याची घागर स्वतः उचलून आत ठेवायचे. एकदा मी माझ्या कानांनी ऐकलं, मामींनी नवं लुगडं नेसून विचारलं, कसं दिसतंय, तर म्हणाले, "ब्येस." शालनला घेरी यायची बाकी होती.

अशी काही वर्षं गेली आणि एका उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले, कुणाला काही न सांगता. महिन्या-दीड महिन्यानं आम्ही दोघं गावी गेलो. दुपारी शालन मळ्याकडं गेली होती, मामी ओसरीत सूप घेऊन जोंधळे निवडत होत्या, मी शेजारी बसलो होतो. बोलता बोलता मिरजेचा विषय निघाला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं, की मामी, त्या दिवशी मामा तुमच्याशी खोटं बोलले होते.

"म्हाईत हाय की," मामी म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नाही. "आठ दिसाचं सांगताना खाटंच्या दांड्याकडं बघत हुते. त्यो मानूस जल्मात खाली बघून कवा बोलला न्हवता. तवाच वळाकलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं समदं माज्याकडं बघून सांगितलं." त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "म्हनून तर उठली. न्हाई तर काय उठत न्हवती मी."

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही? म्हणजे, तुम्ही फसला नव्हतात, त्यांचा शब्द गेलेला नाही म्हणून? फार लागलं होतं त्यांना ते."

मामी गालात हसल्या. "कशापायी सांगू? शबुद ग्येल्यापसनं मानूस माज्याजवळ येऊन बसाय लागला हुता. परत दिला असता तर हिंडला असता गावभर, लोकांच्या आमट्या सुधरत." त्या पुन्हा निवडायला लागल्या. सूप अर्धं झालं तेव्हा म्हणाल्या, "आता वाटतं, सांगाय पायजे हुतं. त्यांनी एकच चीज कमावली हुती. ती ग्येली म्हनूनच गेलं असतील."

मी म्हणालो, "नाही मामी. त्यांना आतून कळलं असणार."

मामींनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमीबी जोंधळ्याकडं बघून बोलताय."